खोळंब्याचे गणित

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर एखादा ट्रक उलटून तीनपैकी एक मार्गिका अडली, तर उरलेल्या दोहोंवरून दोन-तृतीयांश वाहतूक सुखाने चालावी, असा हिशेब कोणीही मनाशी करील. परंतु रस्त्याला त्रैराशिक मान्य नाही. 'हायवे कपॅसिटी मॅन्युअल' या अमेरिकन अभियंत्यांच्या प्रमाणग्रंथातील कोष्टकाप्रमाणे एका दिशेस तीन मार्गिका असलेल्या रस्त्यावर एक बंद पडली की ४९ टक्केच वहनक्षमता उरते, दोन बंद पडल्या की अवघी १७. आणि अपघातग्रस्त वाहने तिन्ही मार्गिका मोकळ्या ठेवून नुसती कडेला उभी असली, तरीही १७ टक्के क्षमता हरपतेच.

या तुटीस शेजारच्या रांगेत घुसू पाहणाऱ्यांची दाटी जितकी कारण, तितकेच बघेही. नेदरलँड्समधील डेल्फ्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी हेलिकॉप्टरमधून दोन अपघातांचे निरीक्षण केले, तेव्हा दुभाजकापलीकडील, काडीचाही अडथळा नसलेल्या बाजूची क्षमतादेखील सुमारे निम्म्याने घटलेली आढळली. पंचनाम्याचा कसलाही अधिकार नसलेली मंडळी वेग कमी करून मनातल्या मनात पंचनामा उरकून घेत होती!

आता असे समजा की, ताशी सहा हजार वाहने वाहून नेणाऱ्या रस्त्यावर साडेचार हजार येत आहेत आणि एक मार्गिका अडल्याने जेमतेम तीन हजारच पुढे सरकतात. तासाभरात दीड हजारांची रांग साचते. मार्ग मोकळा झाल्यावरही ती ताशी दीड हजारानेच ओसरत असल्यामुळे आणखी एक तास जातो, आणि सर्वांचा मिळून खोळंबा दीड हजार वाहन-तासांचा भरतो. हाच अडथळा अर्ध्या तासात दूर झाला, तर मात्र ही बेरीज निम्म्यावर नव्हे, पावणेचारशेवर, म्हणजे चतुर्थांशावर येते. कारण खोळंबा कालावधीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

खंडाळ्याच्या घाटात हे गणित अधिकच बिघडते. चढावर थबकलेला भरलेला ट्रक पहिल्या गिअरमध्ये कण्हत पुन्हा हलू लागतो, तोवर त्याच्यापुढे रस्त्याचा लांबच लांब तुकडा रिकामा पडलेला असतो, आणि मोकळी झालेली मार्गिकाही पूर्ण क्षमतेने वापरली जात नाही. शिवाय अडथळा दूर करणारी क्रेन मागून आली, तर तिलाही त्याच रांगेत अडकावे लागते. सर्वच मार्गिका अडल्या असतील, तर अपघातस्थळापुढील रस्ता मात्र ओस असतो. म्हणून पोलिसांच्या बंदोबस्तात ती पुढच्या बाजूने, वाहतुकीच्या उलट दिशेने आणण्याची तजवीज केली, तर बहुमोल मिनिटे वाचतात.