उशाशी बसलेलं माणूस

संध्याकाळी संत तुकाराम नगरच्या मेट्रो स्टेशनबाहेरच्या गर्दीत काही माणसं लगेच ओळखू येतात. एका हातात स्टीलचा डबा, दुसऱ्या हातात रिपोर्टची पिशवी. कुणी चाकणच्या कारखान्यातली पहिली पाळी संपवून गणवेशातच आलेलं असतं, तर कुणी वल्लभनगरच्या एसटी स्टँडवरून चालत. महापालिकेचं ७५० खाटांचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं ‘वायसीएम’, आणि डॉ. डी. वाय. पाटील रुग्णालय ही दोन्ही याच परिसरात आहेत.

राज्यातल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयाप्रमाणे इथेही एक वाक्य हमखास ऐकू येतं: “डॉक्टर, पेशंटला काही सांगू नका. खचतील ते.”

यामागे मायाच असते. पण पेशंटला जे कळायचं ते कळतंच. दाराबाहेरची कुजबुज तो जागा झाला की थांबते. उशाजवळची फाईल दिसेनाशी होते. वर्षानुवर्षं न फिरकलेला आतेभाऊ अचानक गावाहून भेटायला येतो. मग घरचे पेशंटपासून आजार लपवतात आणि पेशंट आपल्याला कळलंय हे घरच्यांपासून लपवतो. दोघंही घाबरलेले, पण एकेकटे. उपशामक सेवेतले, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करण्यावर भर देणारे डॉक्टर याला ‘मौनाचा कट’ म्हणतात.

एकट्याची भीती आणि सोबतीतली भीती यांत फरक असतो, हे मेंदूच्या चित्रणातही दिसलं आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स कोन यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. १६ विवाहित स्त्रियांना एमआरआय यंत्रात झोपवून ‘आता पायाला विजेचा हलका झटका बसू शकतो’ असा इशारा दिला जाई. कधी त्यांच्या हातात पतीचा हात असे, कधी अनोळखी माणसाचा, कधी कुणाचाच नाही. पतीचा हात हाती असताना धोक्याला प्रतिसाद देणाऱ्या भागांची हालचाल मंदावली. नातं जितकं समाधानाचं, तितका हा परिणाम मोठा. या स्त्रिया निरोगी होत्या आणि प्रयोग लहान होता, हे लक्षात ठेवायला हवं. तरी खाटेशेजारी बसून हात धरणाऱ्याला आपण रिकामे बसलोय असं वाटत असेल, तर तसं नाही.

आजारातलं नैराश्य ओळखणं अवघड असतं. भूक मंदावणं, झोप न लागणं, थकवा ही लक्षणं मूळ आजाराचीही असतात, नैराश्याचीही. म्हणून तपासणारे दोन साधे प्रश्न आधी विचारतात: गेल्या दोन आठवड्यांत मन उदास, निराश वाटतंय का? आणि पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस उरलाय का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा घरच्यांच्याच लक्षात आधी येतं. नातवाचा फोन आला तरी आजोबा तोंड फिरवतात, हे डॉक्टरांच्या राउंडमध्ये दिसत नाही. ते डॉक्टरांना सांगायला हवं.

मनाकडे वेळेवर पाहिल्याचा फायदाही मोजला गेला आहे. जेनिफर टेमेल आणि सहकाऱ्यांनी २०१० साली पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासून उपशामक सेवा मिळालेल्यांपैकी १६ टक्क्यांमध्ये नैराश्याची लक्षणं आढळली. ही सेवा न मिळालेल्यांमध्ये ३८ टक्के. पुण्यात वारज्याच्या सिपला केंद्रात १९९७ पासून कॅन्सरच्या रुग्णांना अशी सेवा विनामूल्य मिळते, आणि रुग्णासोबत घरचं माणूसही राहतं.

या सगळ्यात एक पेशंट कुणाच्याच नोंदीत नसतो: सांभाळणारा. रात्री वॉर्डात खाली चटई टाकून झोपायचं, सकाळी कंपनीची बस गाठायची. १९९५ साली जेनिस किकोल्ट-ग्लेझर यांच्या गटाने स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांना सांभाळणाऱ्या १३ स्त्रियांच्या त्वचेवर एक छोटीशी जखम करून ती भरण्याचा काळ मोजला. तशाच वयाच्या इतर स्त्रियांपेक्षा त्यांना सरासरी नऊ दिवस जास्त लागले. सततचा ताण असा शरीरात उतरतो. म्हणूनच पाळी बदलून घेणारा भाऊ, एक रात्र थांबणारी शेजारीण यांची मदत म्हणजे उपचाराचाच भाग आहे.

तेव्हा पुढच्या वेळी डबा घेऊन जाल, तेव्हा “काही होत नाही तुला” म्हणण्याआधी विचारा, “तुला काय वाटतंय? कशाची भीती वाटते?” मग उत्तर येईपर्यंत थांबा. किती सांगायचं, हे पेशंटला किती जाणून घ्यायचंय त्यावर ठरू द्या. आणि पेशंटचं किंवा तुमचं मन फारच ढासळलं, तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतूनही बोलता येतं. तो क्रमांक रिपोर्टच्या फाईलवर आजच लिहून ठेवा.