दप्तराच्या किल्ल्या

सार्वजनिक दप्तर कागदावर असो वा संगणकांत असो, त्याच्यासंबंधीं तीन प्रश्न नेहमींच उभे राहतात. तें कोणीं वाचावें, त्यांत कोणीं लिहावें आणि लिहिलेलें कोणीं कायम करावें? या तिन्ही गोष्टी एकाच हातीं गेल्या, तर दप्तर राहतें, पण त्याचा भरंवसा जातो. म्हणून संगणकप्रणालींत प्रत्येकाला त्याच्या कामापुरतीच किल्ली दिलेली असते.

सोलापूर जिल्ह्याच्या अकराहि तालुक्यांतील शेतजमिनींचें दप्तर आज ‘ई-फेरफार’ या प्रणालींत आहे. सोलापूर शहरांत स्थायिक झालेल्या एखाद्या कुटुंबाची मंगळवेढ्याकडे वडिलोपार्जित ज्वारीची जमीन आहे, असें समजूं. वडील वारले, मागें दोन मुलगे व एक मुलगी. वारसांचीं नांवें सातबाऱ्यावर चढावयाचीं आहेत. येथें किल्ल्यांची वांटणी स्पष्ट दिसते.

गांवचा तलाठी, ज्यास आतां ग्राम महसूल अधिकारी हें पदनाम मिळालें आहे, तो गांव नमुना 6 मध्यें, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहींत, नोंद घेतो. ती कायम करण्याचा अधिकार त्याला नाहीं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966, हिच्या कलम 150 प्रमाणें नोंदीची प्रत चावडींत लावावी लागते, हितसंबंधितांना कळवावें लागतें व हरकतीसाठीं 15 दिवस द्यावे लागतात. हरकत नसेल, तर मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हरकत आली, तर प्रकरण विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहींत जातें व चौकशीअंतीं त्याचा निकाल लागतो. मुलीचें नांव गाळलें गेलें असेल, तर तें सांगण्याची वेळ हे 15 दिवसच होत.

शेतकऱ्याच्या हातींहि एक लहान किल्ली आहे. 2021 पासून ‘ई-पीक पाहणी’च्या योगानें तो आपल्या शेतांतील पीक मोबाईलवरून स्वतः नोंदवूं शकतो. ज्वारी पेरली कीं करडई, हें तो सांगतो. जमीन कोणाची, या रकान्यापर्यंत मात्र त्याचा हात पोंचत नाहीं. सातबारा वाचण्याची किल्ली तर सर्वांनाच खुली आहे.

या किल्ल्या वांटणारा जो प्रशासक, त्याचें स्थान मोठें नाजूक असतें. त्यानें अधिकार द्यावयाचा तो पदाला, व्यक्तीला नव्हे. अंमलदाराची बदली झाली, कीं जुन्या जागेचा त्याचा अधिकार तत्काळ काढून घेतला पाहिजे. नाहींतर गेलेल्या माणसाच्या खिशांत किल्ली राहून जाते. शिवाय कुलूप घडविणाऱ्यानें तिजोरीला हात लावूं नये, तद्वत् प्रशासकानेंहि स्वतः नोंदी लिहूं नयेत.

परंतु खरा धोका यंत्रापेक्षां सवयींत आहे. चांगली प्रणाली प्रत्येक नोंदीसोबत ती करणाऱ्याचें नांव व वेळ टिपून ठेवते. अधिकाऱ्यानें आपला परवलीचा शब्द व डिजिटल स्वाक्षरीचें साधन मदतनिसाच्या हवालीं केलें, तर नांव एकाचें व हात दुसऱ्याचा, अशी स्थिति होते. लिहिणारा व तपासणारा वेगळे ठेवण्याची सारी योजना मग नांवापुरती उरते, आणि नुकसान होतें तें दूर राहणाऱ्या वारसाचें.

म्हणून शहरांतील कुटुंबांनीं फेरफाराची नोटीस आली, कीं ती बाजूस न टाकतां वाचावी. कांहीं चुकीचें आढळल्यास मुदतींत लेखी हरकत द्यावी व तिची पोंच घ्यावी. नोटीस येवो वा न येवो, वर्षांतून एकदां तरी आपला सातबारा उघडून त्यावरील नांवें पाहावीं. एवढें काम मात्र कोणत्याहि अधिकाऱ्यावर सोंपवितां येत नाहीं.