रक्तवाहिनीला हाक कोण मारतं?

मागच्या वेळी आपण एक प्रश्न अर्धवट सोडला होता : ‘गरज’ हे कारण असू शकतं का? ‘डोळ्याला रक्त हवं, म्हणून तिथे रक्तवाहिन्या वाढल्या’, असं आपण सहज म्हणून जातो. पण ती गरज रक्तवाहिनीला कळते कशी? आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं, शरीरशास्त्र आम्ही उतारवयात वाचलं. तरी या प्रश्नाचं नेमकं उत्तर आम्हाला दृष्टिपटलात सापडलं.

दृष्टिपटल म्हणजे डोळ्याच्या आतला, प्रकाश टिपणारा पडदा. गर्भाच्या साधारण १६व्या आठवड्यापर्यंत त्यात स्वतःच्या रक्तवाहिन्याच नसतात. मग त्या मधून कडेकडे पसरू लागतात, आणि कानाकडची कड गाठायला जवळजवळ पूर्ण नऊ महिने लागतात.

होतं काय, बघा. चेतापेशी वाढतात, कामाला लागतात, प्राणवायू जास्त खातात. तुटवडा पडला की शेजारच्या ॲस्ट्रोसाइट नावाच्या आधारपेशी व्हीईजीएफ हे प्रथिन सोडतात. ते जिकडे जास्त, तिकडे रक्तवाहिनीचं टोक सरकतं. रक्त पोचलं की हाक थांबते. म्हणजे नुसती गरज काही करत नाही, तिला निरोप्या लागतो. असा काही रासायनिक निरोप असणार, हे मायकेलसन यांनी १९४८मध्येच अनुमानाने मांडलं होतं.

आणि चेतापेशी फक्त ‘ये’ म्हणत नाहीत. प्राणवायू फारच कमी पडला की त्या सेमाफोरिन ३ए हे प्रथिन सोडून रक्तवाहिन्यांना दूर लोटतात, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय.

आता बाळ फार लवकर जन्मलं तर? गर्भाशयात प्राणवायू कमीच असतो, बाहेर एकदम जास्त. हाक बंद पडते, वाहिन्या अर्ध्या वाटेवर थांबतात. पण चेतापेशी वाढतच राहतात. काही आठवड्यांनी त्या उपाशी पडतात आणि हाकेचा आक्रोश होतो. मग वाहिन्या वेड्यावाकड्या, पडदा सोडून डोळ्याच्या पोकळीकडे वाढतात. पुढे पडदा ओढला जाऊन सुटू शकतो. १९४० आणि ५०च्या दशकांत, काचपेटीतल्या भरपूर प्राणवायूने जीव वाचलेली हजारो बाळं अशी आंधळी झाली. १९५०मध्ये जन्मलेले गायक स्टीव्ही वंडर त्यांतलेच. देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, पण पेशीला हेतू कळत नाही, निरोप कळतो.

आज यावर इलाज आहे. लेझर हा हाक मारणारा भागच शांत करतो, तर डोळ्यातलं इंजेक्शन व्हीईजीएफला अडवतं. पण वेळ गाठावी लागते. म्हणून आपल्याकडे ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे डोळे जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासायचे असतात, फारच लहान बाळाचे त्याहूनही आधी. बाळ वरून अगदी ठीक दिसत असलं, तरीही. घरात, शेजारात असं बाळ असेल तर एवढं जरूर सांगा.

असो. प्रश्न घेऊ या.