सुरुंग पेरणारी ‘एक्सप्रेस’

महायुद्धातली जहाजं : लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण पाणसुरुंग फुटतो कसा, ते पाहिलं. आता प्रश्न असा, की शत्रूच्या दारात जाऊन तो पेरायचा कोणी? मोठी सुरुंगवाहू जहाजं संथ असत. परक्या किनाऱ्याजवळ उजाडेपर्यंत अडकली, की संपलंच. म्हणून ब्रिटिश नौदलाने तोडगा काढला : चपळ विनाशिकांपैकी काहींवर अशी सोय करून ठेवायची, की वेळ पडली तर त्याच सुरुंग वाहतील. १९३४ साली टाइन नदीकाठच्या स्वान हंटर कंपनीने बांधून दिलेली ‘एक्सप्रेस’ त्यातलीच, आणि ‘एस्क’ ही तिची जोडीदारीण.

सोय म्हणायला ठीक, पण शंभरेक मीटर लांबीच्या जहाजावर ६० सुरुंग चढवायचे तर तेवढं वजन दुसरीकडून उतरवायलाच हवं. चारपैकी दोन तोफा निघत, पाणतीर सोडणाऱ्या नळ्या निघत. त्यांच्या जागी डेकवरून पिछाडीपर्यंत रूळ, आणि रुळांवर चाकांच्या जड लोखंडी गाड्यांवर बसवलेले सुरुंग. रात्री दिवे मालवून, एकाच वेगाने जहाज हाकायचं आणि ठरलेल्या अंतराने एकेक गाडा मागून पाण्यात सोडायचा. पुढचं त्याचं तो बघून घेई. सुरुंग वर तरंगत राही, गाडा तार उलगडत खाली जाई, आणि गाड्याच्याही खाली दोरीला एक वजन लोंबत असे. वजन तळाला टेकलं, की तार जागीच अडके. मग गाडा उरलेला टप्पा उतरताना सुरुंगालाही तेवढाच खाली ओढी. दोरी दहा फुटांची असेल तर सुरुंग पाण्याखाली दहा फुटांवर. तिथे समुद्र किती खोल आहे, हे सोडणाऱ्याला ठाऊक नसलं तरी चाले. संगणकाचं नाव नसलेल्या काळातली ही अक्कल मला आजही थक्क करते.

युद्ध सुरू होऊन दहा दिवसही झाले नव्हते, तेव्हा ‘एस्क’ आणि ‘एक्सप्रेस’ जर्मनीच्या हेलिगोलँड उपसागरात सुरुंग पेरून परतल्या होत्या. १९४० च्या मे-जूनमध्ये डंकर्कहून सैनिक आणण्याचं काम निघालं. ‘एक्सप्रेस’ त्यातही होती, आणि अगदी शेवटच्या रात्रीपर्यंत होती.

मग ३१ ऑगस्ट १९४० ची रात्र आली. पाच विनाशिका हॉलंडच्या किनाऱ्यालगत सुरुंग टाकायला निघाल्या होत्या. वाटेत हुकूम आला, की जर्मन जहाजं पश्चिमेकडे सरकताना दिसली आहेत, त्यांना गाठा. इंग्लंडवर स्वारी होणार या धास्तीचे ते दिवस. हुकूम देणाऱ्यांना फार दोषही देता येत नाही. पण ती स्वारी नव्हतीच. टेक्सेल बेटाच्या वायव्येला ही तुकडी शिरली ती थेट जर्मनांनी पेरलेल्या सुरुंगांत. ‘एक्सप्रेस’ची नाळ पार उडाली. मदतीला धावलेली ‘एस्क’ फुटून बुडाली. ‘आयव्हनहो’ इतकी मोडली, की शेवटी आपल्याच लोकांना पाणतीर मारून ती बुडवावी लागली. सुमारे तीनशे माणसं गेली. ‘एक्सप्रेस’ला मात्र ओढत परत आणलं. तोंड नसलेलं जहाज सरळ ओढलं तर पाण्याचा सगळा दाब आतल्या उघड्या भिंतीवर येतो, म्हणून तिला उलटं, पिछाडी पुढे करून आणलं. नवी नाळ बसवून ती पुन्हा कामावर यायला वर्षाहून जास्त काळ गेला.

आली ती थेट सिंगापूरला. १० डिसेंबर १९४१ रोजी मलायाच्या पूर्व किनाऱ्यापाशी जपानी विमानांनी ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि ‘रिपल्स’ या दोन बड्या युद्धनौका बुडवल्या, हे सगळ्यांना माहीत असतं. ‘एक्सप्रेस’ने तेव्हा काय केलं, हे फारसं कोणी सांगत नाही. ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ डावीकडे कलत असताना कप्तान कार्टराइट यांनी आपली विनाशिका तिच्या उजव्या अंगाला नेऊन भिडवली. दोर टाकले, माणसं त्यांवरून उतरू लागली. युद्धनौका जसजशी कलंडत गेली, तसतसा तिचा पाण्याखालचा उजवा भाग वर येऊ लागला, आणि पोटाला आडवी बसवलेली कड ‘एक्सप्रेस’च्या तळाला लागून विनाशिकाच उचलली जाऊ लागली. कार्टराइट यांनी तोवर कळ काढली, मग इंजिनं उलटी फिरवून जहाज मागे घेतलं. माझ्या मते या जहाजाची खरी कामगिरी ही. सुरुंगांच्या रात्री त्यापुढे फिक्या.

१९४३ मध्ये तिला कॅनडाच्या नौदलात दिलं आणि ‘गॅटिनो’ हे नाव मिळालं. अटलांटिकमध्ये मालवाहू तांड्यांची राखण, १९४४ ला नॉर्मंडी. युद्धानंतर ब्रिटिश कोलंबियातल्या रॉयस्टनला लाटा अडवण्यासाठी जुनी जहाजं बुडवून बांध केला होता, तिचा सांगाडा त्यात टाकला.

तोफा उतरवून सुरुंग चढवायचे, ही तडजोड नौदलालाही डाचत होतीच. म्हणून त्यांनी मुळातच सुरुंगांसाठी बांधलेली, विनाशिकेहून वेगवान अशी ‘अब्दिएल’ वर्गातली सहा जहाजं केली. त्यांपैकी ‘वेल्शमन’ने १९४२ मध्ये वेढ्यात सापडलेल्या माल्टाला सुरुंगांऐवजी अन्न आणि दारूगोळा कसा पोचवला, ते पुढच्या आठवड्यात.