नर्सिंगची वेटिंग लिस्ट: ऐकीव काय, खरं काय

‘वेटिंगला आहे ना, मग पुढच्या वर्षी लागेल नंबर.’ नर्सिंगच्या प्रवेशाचा विषय निघाला की कुणीतरी मामा-काका हे वाक्य बोलतोच. सगळ्यांत जास्त नुकसान करणारा गैरसमज हाच.

पूर्वी गॅस कनेक्शनसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबत, तशी ही यादी नाही. महाराष्ट्रात बीएस्सी नर्सिंगचे प्रवेश राज्याच्या सीईटी (सामायिक प्रवेश परीक्षा) सेलमार्फत होतात. गुणवत्ता यादी त्या वर्षापुरती असते आणि प्रवेशाची शेवटची तारीख उलटली की ती संपते. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा, पुन्हा अर्ज, पुन्हा नवी यादी. गेल्या वर्षी थांबलात म्हणून कुणी तुम्हाला पुढे घेत नाही. अमेरिकेतल्या काही कम्युनिटी कॉलेजांत वर्षानुवर्षं चालणाऱ्या याद्या असतात. इंटरनेटवर त्यांच्याबद्दल वाचून आपल्याकडेही तसंच असेल असं काहींना वाटतं. तसं नाही.

याच्या उलटा गैरसमजही तितकाच घातक: ‘नंबर खूप खाली आहे, आता काही खरं नाही.’ यादी हलते ती वरची मुलं उठून गेल्यामुळे, आणि ती मोठ्या संख्येने उठतात. सीईटी दिलेल्यांपैकी अनेकांनी वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ ही परीक्षाही दिलेली असते. त्यांचं लक्ष एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस नाहीतर फिजिओथेरपीवर असतं. बीएएमएस-बीएचएमएसच्या, म्हणजे आयुषच्या, फेऱ्या लांबतात आणि तिकडे जागा मिळाली की नर्सिंगची जागा सुटते. त्यामुळे पहिल्या यादीत तुमच्या वर दिसणारी सगळी नावं शेवटपर्यंत तिथे नसतात. शिवाय यादीतला सर्वसाधारण क्रमांक पाहून रडण्यात अर्थ नाही. तुमच्या प्रवर्गात तुमच्या वर किती जण आहेत, ते मोजा.

पण जागा सुटली तरी ती घरी चालत येत नाही. दर फेरीला पसंतिक्रम भरायचा की नाही, मिळालेली जागा धरून पुढच्या फेरीत राहता येतं की नाही, याचे नियम त्या वर्षीच्या माहिती पुस्तिकेत असतात. ती पुस्तिका कॅफेवाल्याने नव्हे, तुम्ही वाचायची. कॅफेवाल्याची आठवण उगाच काढत नाही. तालुक्याच्या गावात अर्ज महा ई-सेवा केंद्रात किंवा सायबर कॅफेत भरला जातो. मुलीकडे स्वतःचा मोबाइल नसतो, वडील शेतात असतात, मग ओटीपीसाठी दुकानदार आपलाच नंबर टाकतो आणि ईमेलही स्वतःच्याच दुकानाचा देतो. पासवर्ड त्याच्या वहीत. पुढे यादी लागते, मेसेज त्याच्या फोनवर पडतो, त्या दिवशी दुकानात दुसरीच गर्दी असते. हजर होण्याची मुदत मोजक्या दिवसांची असते. ती टळली की गुण कितीही असोत, जागा गेली.

कागदपत्रांचंही तसंच. राखीव जागेसाठी जातवैधता प्रमाणपत्र लागतं. इतर मागासवर्गातल्यांना नॉन-क्रिमी लेअरही लागतं, आणि त्याची मुदत त्या शैक्षणिक वर्षातल्या ३१ मार्चपर्यंत असावी लागते. ते नसेल तर खुल्या गटात मोजलं जातं आणि क्रमांकाचा सगळा हिशेब कोसळतो. हे कागद यादी लागल्यावर काढायचे नसतात. बारावीच्या वर्षातच काढून ठेवायचे असतात.

‘बारावीला चांगले टक्के आहेत, कुठेतरी लागेलच.’ नाही. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत आणि विज्ञान विषयांत खुल्या गटाला ४५ टक्के हवेत. ही झाली पात्रता. क्रम लागतो तो सीईटीवर. तिच्यात शास्त्राच्या विषयांबरोबर इंग्रजी आणि नर्सिंगचा कल तपासणारे प्रश्नही असतात. या दोन भागांकडे मुलं दुर्लक्ष करतात आणि गुण तिथेच जातात. वर्ष थांबायचं ठरवलं असेल तर अभ्यासाची सुरुवात तिथूनच करावी.

‘देशाला नर्स हव्यात, मग सरकार जागा का वाढवत नाही?’ हा प्रश्न रास्त आहे, पण बाकं वाढवून नर्सिंगच्या जागा वाढत नाहीत. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण आणि दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक लागतो. म्हणजे खाटा भरलेलं रुग्णालय जवळ हवं आणि शिकवायला तयार माणसं हवीत. केंद्राने २०२३मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांच्या आवारातच १५७ नवी नर्सिंग महाविद्यालयं मंजूर केली, ती याच कारणाने. रुग्णालय तिथे आधीच उभं असतं. अडचण फक्त आपलीच नाही. अमेरिकेत २०२३ या एका वर्षात पदवी आणि त्यावरच्या अभ्यासक्रमांसाठी आलेले ६५,७६६ पात्र अर्ज परत गेले. शिक्षक कमी आणि प्रत्यक्ष कामाला वॉर्ड कमी, ही तिथलीही कारणं.

आता पैशाशी थेट संबंध असलेला गैरसमज. लांबलचक यादी असते ती मुख्यतः सरकारी महाविद्यालयांची, कारण तिथली फी कमी. खासगीत काही जागा दरवर्षी शेवटी रिकाम्या राहतात. मग फोन येतो: ‘फेऱ्यांच्या नादाला कशाला लागता, संस्थेच्या कोट्यातून देतो, सगळं सारखंच.’ सारखं नाही. आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागासवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा शासन निर्णय जुलै २०२४चा आहे. ही सवलत केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून आलेल्यांना आहे, व्यवस्थापन कोट्यातल्यांना नाही. घाईने संस्थेच्या कोट्यात गेलेली मुलगी चार वर्षांची सवलत घालवून बसते. आणि ठरलेल्या फीवर ‘डोनेशन’ मागणं महाराष्ट्रात १९८७च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही लक्षात असू द्या.

‘जीएनएम म्हणजे कमी दर्जाचं.’ माझ्या मते या समजाने जितकी वर्षं वाया घालवली तितकी कुठल्याच यादीने घालवली नसतील. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम आहे, बारावीच्या कुठल्याही शाखेतून करता येतो आणि तो पूर्ण केलेली व्यक्ती नोंदणीकृत नर्स असते. पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक केलं की बीएस्सीची पदवी हातात येते. फरक अजिबात नाही असं मात्र नाही. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर परीक्षेला बीएस्सीवाले थेट बसू शकतात. जीएनएमवाल्यांना किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. तरीही बीएस्सीच्या सरकारी जागेसाठी दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा थांबण्यापेक्षा जीएनएमला लागणं बहुतेक घरांना परवडतं. एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) या अभ्यासक्रमानंतरचं काम वेगळं, मुख्यतः उपकेंद्रात आणि गावात. ज्यांना तेच करायचं आहे त्यांच्यासाठी तो चांगला रस्ता आहे.

मुलांना नर्सिंगला घेत नाहीत? घेतात, बीएस्सीलाही, जीएनएमलाही. लष्कराचं बीएस्सी नर्सिंग मात्र मुलींसाठीच आहे. देशभरात सहा महाविद्यालयं, एकूण २२० जागा, त्यांपैकी ४० पुण्याच्या एएफएमसीत आणि ४० मुंबईच्या आयएनएचएस अश्विनी या नौदल रुग्णालयात. तिथे नीट लागते, त्यामुळे नर्सिंगच करायचं ठरलेल्या मुलीनेही नीट देऊन ठेवावी.

गॅप पडला की दारं बंद होतात, हेही खरं नाही. जीएनएमला वयाची मर्यादा ३५ आहे. गॅपचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, एवढंच. मधल्या वर्षी बीएस्सी किंवा बीएच्या पहिल्या वर्षाला नाव घातलंत तर मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला तिथे अडकतात. प्रवेश रद्द करायची तारीख आणि त्याला कापली जाणारी रक्कम आधीच विचारून ठेवा.

शेवटी, वेटिंगला कंटाळलेल्यांना गाठणाऱ्या पाट्यांबद्दल. ‘एका वर्षात नर्सिंग’, ‘घरबसल्या नर्सिंग’, ‘सीईटीची गरज नाही’. अशा कोर्सनंतर रुग्णसेवा सहायकाचं काम मिळू शकतं आणि त्यात कमीपणा काही नाही; पण महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नर्स म्हणून नोंदणी होत नाही. पत्रद्वारा किंवा ऑनलाइन नर्सचा मूळ अभ्यासक्रम होतच नाही. बंगळुरूकडे नेणाऱ्या एजंटांच्या बाबतीतही हीच कसोटी लावा: कॉलेजला त्या राज्याच्या परिषदेची मान्यता आहे का, आणि परत आल्यावर इथे नोंदणी होईल का? उत्तर तोंडी नको, लेखी घ्या आणि परिषदेच्या संकेतस्थळावरच्या यादीशी ताडून पाहा. तोवर एक रुपयाही भरू नका.