ताम्रपटावरील उत्स्फूर्त रेषा

आंद्रे ब्रेतों यांनी १९२४ साली पॅरिसमध्ये अतिवास्तववादाचा जाहीरनामा काढून विवेकाच्या अंमलाबाहेर चालणाऱ्या मनोव्यापाराला त्या पंथाचे अधिष्ठान मानले, आणि त्याच सुमारास आंद्रे मासों कोणताही विषय मनात न धरता कागदावर लेखणी धावू देऊ लागले; तथापि पुढील पंचवीस वर्षांचे दप्तर चाळता माझे मत असे झाले आहे की, या उत्स्फूर्त रेषेची खरी कसोटी लागली ती तांब्याच्या पत्र्यावर.

ज्यांच्या कार्यशाळेत ती लागली ते स्टॅन्ली विल्यम हेटर मूळचे रसायनशास्त्राचे विद्यार्थी. अबादानच्या तेल कंपनीतील नोकरीनंतर ते १९२६ मध्ये पॅरिसला आले, जोझेफ हेख्ट यांच्यापाशी त्यांनी कोरणीची तालीम घेतली आणि १९२७ मध्ये स्वतःची कार्यशाळा उघडली. तीच पुढे ‘आतलिए १७’ या नावाने प्रसिद्धीस आली. मिरो, एर्न्स्ट, तांगी, मासों हे सारे तेथे काम करून गेले.

कोरणी हे सोनारांचे हत्यार. तिची मूठ तळहाताशी टेकवून ती पुढे रेटावी लागते, वळण हवे असल्यास डाव्या हाताने पत्राच फिरवावा लागतो, आणि उमटलेली रेषा सहजासहजी पुसता येत नाही. अशा संथ, हट्टी साधनाला उत्स्फूर्तता कशी मानवावी? हेटर यांनी पूर्वरेखाटनाला फाटा दिला. पत्रा फिरता फिरता वर-खाली हा भेदच उरत नाही, कागदावर सरावाने येणारी हाताची लकब लुळी पडते, आणि धातूचा विरोध सोसत निघालेली रेषा तिच्या कर्त्यालाही अपरिचित ठरते. मग त्या जाळ्यात दिसू लागलेल्या आकृतीला तो जाणीवपूर्वक आकार देई, मऊ लेपावर कापडाचा पोत दाबून आम्लाने ते ठसे तांब्यात उतरवी. हेटर यांच्या १९३६ च्या ‘कॉम्बॅट’ या मुद्राचित्रातील झुंज याच रीतीने घडली आहे, आणि तिच्यापुढे केवळ वेगाने ओढलेली कागदावरील कित्येक चित्रे मला फिकी वाटतात.

१९४० मध्ये युद्धामुळे कार्यशाळा न्यूयॉर्कला गेली. तेथे १९४४-४५ मध्ये जॅक्सन पोलॉक यांनी पत्रे कोरले. पुढे कॅनव्हास जमिनीवर अंथरून चहूबाजूंनी रंगवणाऱ्या या चित्रकाराला त्या फिरत्या पत्र्याने काही शिकवले असावे, असे मानण्यास मला प्रत्यवाय दिसत नाही.

१९५० मध्ये हेटर पॅरिसला परतले. नंतरच्या काळात मुंबईचे कैको मोती आणि आंध्रातले कृष्ण रेड्डी यांनी तेथे, शाईतील तेलाचे प्रमाण कमीअधिक करून, मऊ व कठीण रुळांच्या साहाय्याने एकाच पत्र्यावरून एकाच दाबात अनेक रंग उमटवण्याची पद्धत सिद्ध करण्यात मोठा वाटा उचलला.