एक बीज, अनेक अंगे : पेशींचे विशेषीकरण आणि प्रयोज्यांग

गर्भाचा कोणता अवयव प्रथम उत्पन्न होतो, या प्रश्नावर सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील तिसऱ्या अध्यायात आचार्यांचे मतभेद नोंदवले आहेत. कोणी शिर म्हणतो, कोणी हृदय, कोणी नाभी. सर्व अंगप्रत्यंगे एकाच वेळी उत्पन्न होतात, परंतु सूक्ष्मत्वामुळे दिसत नाहीत, असे धन्वंतरींचे मत तेथे सिद्धान्त म्हणून येते. दृष्टांत वेळूच्या कोंबाचा आणि आंब्याचा आहे. पिकलेल्या आंब्यात केसर, गर व कोय स्पष्ट दिसतात. अगदी कोवळ्या फळात ती निराळी करता येत नाहीत.

आधुनिक जीवशास्त्राचे उत्तर याच्या जवळ जाते, पण त्याच्याशी एकरूप नाही. फलित बीजपेशीत सूक्ष्म अवयव दडलेले नसतात. अवयव घडविण्याची सूचना जनुकांच्या रूपाने असते. पेशीविभाजनात हा जनुकसंच बहुतेक प्रत्येक पेशीला जसाच्या तसा मिळतो. मग यकृताची पेशी आणि मज्जातंतूची पेशी भिन्न का? कारण प्रत्येकीत त्यांपैकी काही जनुकेच कार्यरत असतात, बाकीची निष्क्रिय राहतात. कोणती जागी व्हावीत, हे पेशीचे स्थान, शेजारच्या पेशींकडून येणारे संकेत आणि संप्रेरके ठरवितात. साधी पेशी विशिष्ट कार्याची होते ती अशी.

वनस्पतींत ही प्रक्रिया आयुष्यभर चालते. मुळाचे टोक, शेंडा, डोळे आणि सालीखालील पातळ थर येथे विभाजनक्षम पेशी राखून ठेवलेल्या असतात. बोरी बुद्रुकसारख्या कुकडीकाठच्या गावांत उसाची एका डोळ्याची कांडी लावली, तरी नवे बेट उभे राहते ते याच पेशींच्या बळावर. शिवाय वनस्पतीची विशेषीकृत पेशीही अनुकूल स्थितीत मागे फिरू शकते. दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी १९६४ साली धोतऱ्याचे परागकोश कृत्रिम माध्यमावर वाढवून त्यांपासून भ्रूण मिळविले.

प्राण्यांत ही मुभा फार थोडी. अस्थिमज्जेतील मूलपेशी रक्तपेशी घडवीत राहतात. पण त्वचेची पेशी आपणहून पूर्वस्थितीला जात नाही. जपानचे शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या विशेषीकृत पेशींत चार जनुके घालून त्यांना मूलपेशींसारखी अवस्था दिली. मार्ग बंद नसतो, पण तो प्रयत्नाने उघडावा लागतो, हे त्यातून सिद्ध झाले. त्यांना २०१२ साली जॉन गर्डन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

औषधनिर्मात्यांनी यातून एक बोध घ्यावा. झाडाच्या सर्व अंगांत जनुकसंच एकच असला, तरी सर्व अंगे एक औषध नव्हेत. कोणते द्रव्य कोणत्या ऊतीत तयार होईल अथवा साठेल, हे विशेषीकरणावर अवलंबून असते. अश्वगंधेच्या पानांत व मुळांत घटकांचे प्रमाण भिन्न असते. विथाफेरिन-ए पानांत अधिक आढळते. पानांचा वापर टाळावा, अशी सूचना आयुष मंत्रालयाने २०२१ साली औषधनिर्मात्यांना दिली. दशमुळातील बिल्व, श्योनाक इत्यादींच्या मुळाऐवजी खोडाची साल बाजारात येते. तिलाही हाच न्याय लागू आहे.

अंगाप्रमाणे वयही महत्त्वाचे. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील आदिवासी बांधव जो बाळहिरडा गोळा करतात, तो म्हणजे अष्टी धरण्यापूर्वीचे कोवळे फळ. पुढे फळाच्या आतील थराच्या पेशींच्या भिंती जाड व काष्ठमय होतात आणि कठीण अष्टी बनते. गराच्या मानाने अष्टीत कषाय द्रव्य फार थोडे असते. म्हणून पक्व हिरडा त्रिफळेसाठी घेताना अष्टी काढून टाकावी लागते. बाळहिरडा मात्र सबंध वापरता येतो. सुश्रुतांचा आम्रफलाचा दृष्टांत येथे आपल्या हातात असतो.

यास्तव कच्चा माल घेताना केवळ वनस्पतीचे नाव पाहून थांबू नये. अंग, पक्वता आणि संग्रहकाल यांची नोंद खरेदीच्या वहीत अवश्य करावी. बाळहिरड्याच्या प्रत्येक पोत्यातील काही फळे फोडून पाहावीत. आत कठीण अष्टी लागली, तर तो माल बाळहिरडा म्हणून स्वीकारू नये.